ट्विन फिन घेताना: कील, एमआर की ट्रेलरवाला?

ठाण्याच्या किंवा वाशीच्या खाडीत भरती-ओहोटी आहे, लाट नाही. त्यामुळे इथे राहून सर्फिंग करणाऱ्याचं ठरलेलं असतं: आपली गाडी नाहीतर कोकणकन्या, आणि तारकर्ली किंवा उत्तर गोव्यातलं मोरजी-आश्वे. सुट्टी जास्त असेल तर कर्नाटकातलं मुल्की. या सगळ्या वाळूच्या तळावर फुटणाऱ्या लाटा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बहुतेक दिवस गुडघा ते कंबर, एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडचा लांबचा स्वेल (दूरच्या समुद्रात उठलेल्या लाटा) पोहोचला तर त्याहून थोड्या मोठ्या. सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी साफ, दुपारी खारा वारा सुटला की सगळं विस्कटतं. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र या हिशेबात धरलेलाच नाही. तेव्हा किनाऱ्यावरच थांबावं.

अशा मऊ लाटेवर थ्रस्टर, म्हणजे बोर्डाच्या तळाला शेपटाजवळ तीन फिन (उभी पाती) असलेला नेहमीचा बोर्ड, रडतो. त्याची मधली फिन शेपूट धरून ठेवते, मागच्या पायाने जोर दिला की बोर्ड तिच्याभोवती फिरतो. पण सरळ जाताना तीच पाण्याला अडते. लाटेत ताकद असेल तर हे जाणवत नाही. कंबरभर लाटेवर मात्र वेग टिकवायला सतत पंप करत, म्हणजे बोर्ड वर-खाली दाबत राहावं लागतं. ट्विनमध्ये, म्हणजे दोनच फिनच्या बोर्डात, ही अडचण निघून जाते, आणि तिच्याबरोबर शेपटाचा आधारही जातो. आधार किती गेला हे बोर्डाच्या नावावरून कळत नाही. दुकानात ‘फिश’ म्हणून तीन अगदी वेगळी जनावरं विकली जातात, म्हणून आधी फिनचा आकार आणि जागा बघायची.

पहिली जात कील फिनची. सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने १९६७ च्या सुमारास गुडघ्यावर बसून चालवायच्या बोर्डासाठी जो फिश बनवला, त्याचे हे वंशज. लांबी साधारण ५ फूट ४ ते ५ फूट ८ इंच, रुंदी २०.५ ते २१.५ इंच, रॉकर (तळाचा पुढून मागे असलेला बाक) जवळपास सपाट, शेपूट खोल दुभंगलेलं आणि रुंद. कील फिनचा पाया सहा इंचांहून लांब, उंची कमी, आणि ती बऱ्यापैकी मागे, जवळजवळ उभी बसवलेली. टो-इन, म्हणजे फिनची पुढची टोकं आत वळलेली असणं, तेही नाममात्र, म्हणून सरळ रेषेत हा बोर्ड सुसाट पळतो. लांब पाया पाण्याला घट्ट धरतो, त्यामुळे वळणं मोठी आणि गोल येतात. लाटेच्या माथ्यावर झटकन उभं वळण मागितलंत तर मिळणार नाही. खड्या लाटेवर टेक-ऑफलाही, म्हणजे लाट पकडून उभं राहतानाही, तो चकवतो: रुंद शेपूट पाणी उचलून धरतं, मागच्या पायाने ते बुडवता येत नाही आणि नोज (पुढचं टोक) खाली जातं. थेट खाली न उतरता पहिल्या क्षणापासून तिरकं निघायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

दुसरी जात एमआरची. १९७६ मध्ये हवाईच्या रेनो अबेलिराचा आखूड फिश ऑस्ट्रेलियात पाहून तिथल्या मार्क रिचर्ड्सने (हाच एमआर) स्वतःचा ट्विन बनवला आणि १९७९ ते १९८२ सलग चार जागतिक विजेतेपदं मिळवली. हे बोर्ड फिशपेक्षा अरुंद, साडेएकोणीस ते सव्वावीस इंच. लांबी ५ फूट ८ ते ६ फूट २, शेपटाजवळ विंग, म्हणजे कड एकदम आत येऊन झालेला कोपरा. फिनची उंची आणि पाया जवळपास सारखे, पाच-साडेपाच इंच, आणि त्या कीलपेक्षा पुढे व बाहेर कललेल्या. वळायला हा बोर्ड कीलपेक्षा कितीतरी हलका. पण त्याच कारणाने जोरात बॉटम टर्न (लाटेच्या पायथ्याशी घेतलेलं वळण) मारला की शेपूट सुटतं. ऑस्ट्रेलियाचाच सर्फर सायमन अँडरसन अंगाने थोराड, त्याला हे फार जाणवायचं. म्हणून त्याने तिसरी फिन लावली आणि १९८१ मध्ये तशा तीन फिनच्या बोर्डांवर बेल्स आणि पाइपलाइनच्या स्पर्धा जिंकल्या. थ्रस्टर जन्मला तो असा, ट्विनला कंटाळून.

तिसरी जात आजची परफॉर्मन्स ट्विन. ढाचा शॉर्टबोर्डचा: १९ ते १९.७५ इंच रुंद, शेपटाला रॉकर, तळाला कॉन्केव्ह (खोलगटपणा). मध्ये ट्रेलर फिनसाठी जादा खाच. ट्रेलर म्हणजे दोन-तीन इंचांची पिटुकली फिन. ती थ्रस्टरच्या मागच्या फिनचं काम करत नाही. शेपूट सुटायच्या आधी थोडी सूचना देते, एवढंच, आणि वेगाचं फारसं नुकसान करत नाही. मध्ये थ्रस्टरची पूर्ण फिन लावून ‘माझा ट्विन हळू चालतो’ म्हणू नये.

साडेसहा-सात फुटांच्या मिड-लेंग्थ ट्विनही हल्ली खूप दिसतात. पॅडल (हातांनी वल्हवणं) उत्तम, पण गाडीच्या आत मावत नाहीत.

निवड करायची तर आमचं मत सरळ आहे. थ्रस्टरवर दोन्ही बाजूंना नीट रेषा धरता येते, पण महिन्याला जेमतेम एक वीकेंड पाण्यात जातो, अशा मध्यम सर्फरने ट्रेलरची खाच असलेला, थोडा रुंद, एमआर धाटणीचा ट्विन घ्यावा. ट्रेलर लावून सुरुवात करता येते आणि सवय झाली की काढता येतो. कीलमध्ये हा पर्याय बहुधा नसतो. ज्यांचा कटबॅक (लाटेच्या फुटत्या भागाकडे परत वळणं) पक्का आहे त्यांनी खुशाल कील फिश घ्यावा. आपल्याकडच्या लाटेवर सगळ्यात जास्त मजा तोच देतो. परफॉर्मन्स ट्विन प्रगत सर्फरसाठीच, आणि तेही लाट छातीच्या वर असताना. कंबरभर पाण्यात त्याचा रॉकर नुसता पाणी ढकलतो.

बोर्डाच्या आकारमानाचा ढोबळ हिशेब असा, सर्फरच्या वजनावरून: मध्यम सर्फरला किलोमागे ०.४० ते ०.४५ लिटर, प्रगताला ०.३५ ते ०.३८. म्हणजे सत्तर किलोच्या मध्यम सर्फरला २८ ते साडेएकतीस लिटर. ट्विन थ्रस्टरपेक्षा दोन-चार इंच आखूड घेतात, तेव्हा लिटर कमी होऊ देऊ नका, उलट एक-दोन वाढवा. ऑफिस आणि लोकलमध्ये खांद्यांचा पॅडलचा दम राहत नाही, ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते.

आता शेपूट सुटण्याबद्दल, कारण निम्मे लोक इथेच ट्विन विकून टाकतात. बोर्ड रेलवर, म्हणजे कडेवर, झुकला की पाण्यात खरं काम करणारी फिन एकच उरते, त्या बाजूची. थ्रस्टरची सवय असलेला माणूस मागचा पाय शेपटाच्या टोकाला ठेवून दाबतो. ट्विनमध्ये तिथे खाली काहीच नाही, म्हणून शेपूट घसरतं. मागचा पाय फिनच्या वर किंवा किंचित पुढे हवा, थ्रस्टरपेक्षा दोन-चार इंच पुढे. ग्रिप पॅड चिकटवतानाही हेच बघायचं. जुन्या सवयीने तो पार मागे चिकटला की पाय आपोआप चुकीच्या जागी जातो. बॉटम टर्नला पुढचा गुडघा वाकवून वजन पुढच्या पायावर आणि रेलवर द्यायचं, मागच्या पायाने फक्त दिशा दाखवायची आणि अर्धा क्षण थांबायचं. ही अर्ध्या क्षणाची वाट सगळ्यात अवघड. घाईत दाबलं की गेलंच.

पाय बरोबर असूनही सुटत असेल तर फिन काढून पाहा. डावी-उजवी अदलाबदल झालेली पुष्कळदा सापडते. एका बाजूने सपाट असलेली फिन सपाट बाजू आत, स्ट्रिंगरकडे (बोर्डाच्या मधोमध जाणाऱ्या पट्टीकडे) ठेवून बसवायची. दोन्ही बाजूंनी फुगीर कील असेल तर पुढच्या कडेच्या कलण्यावरून बाजू ओळखावी. मग वजन: पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या माणसाने लहान मापाच्या फिन लावल्या तर त्या धरणारच नाहीत. आणि दुपारच्या वाऱ्याने पाणी खडबडलं असेल तर दोष तुमचा नाही, ट्विन तिथे उडतोच. ट्रेलर लावा किंवा पाण्याबाहेर या.

फिन घेताना खाच कोणती ते आधी बघा. फ्युचर्स आणि एफसीएस टू या दोन वेगळ्या कंपन्यांच्या पद्धती, त्यांच्या फिन एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. फ्युचर्सला पुढे एक स्क्रू असतो, तो अडकला की थांबायचं. जास्त पिळला तर आटे जातात. जादा स्क्रू आणि किल्ली पिशवीत ठेवा, गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे तो मिळेलच असं नाही. एफसीएस टू पुढून घालून मागून दाबायची आणि काढताना मागच्या कडेने वर खेचायची. वाळू अडकली की ती हट्टाला पेटते, म्हणून परत निघण्यापूर्वीच खाच गोड्या पाण्याने धुवावी.

साडेपाच फुटांचा बोर्ड म्हणजे १६८ सेंटिमीटर. हॅचबॅकची मागची आणि पुढची डावी सीट पाडली की बहुतेक गाड्यांत आत मावतो. मे महिन्यात पनवेलला जेवायला थांबलात तर काचा बंद करून बोर्ड उन्हात सोडू नका. ईपीएस फोम (थर्माकोलच्या जातीचा) तापून फुगतो आणि वरचं काचकापड सुटून फोड येतात. घोडबंदरच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीलाही हेच लागू. जुना बोर्ड घेताना अंगठ्याने पूर्ण डेक दाबत जा. जिथे मऊ लागेल तिथे थर सुटलाय. फिनच्या खाचेभोवती केसासारखी चीर असेल तर पाणी आत गेलेलं असू शकतं.

चीर पडली तर वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात फायबरग्लासचं काम करणारे सापडतात. पण त्यांच्याकडे बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं, कोबाल्ट आणि हार्डनर घालून वापरायचं. पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या बोर्डाला ते चालतं. ईपीएसच्या बोर्डावर टाकलं तर त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं आणि बोटाएवढ्या चिरेचा मुठीएवढा खड्डा होतो. ईपीएसला फक्त इपॉक्सी. बोर्ड आधी दोन-तीन दिवस चीर खाली करून सावलीत वाळवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. चिरेभोवती दोन इंचांपर्यंत मेण खरवडून घासा आणि इपॉक्सी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मोजून घ्या. हार्डनर जास्त घातल्याने ते लवकर सुकत नाही, चिकटच राहतं.