रीफ्टनच्या आसपास ट्राउटच्या मागे: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील छोटी सहल

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे किड्यासारखा दिसणारा कृत्रिम गळ (फ्लाय) फेकून ट्राउट मासे धरण्यासाठी, थोडक्या दिवसांची सवड काढून जाणाऱ्याने नदी निवडण्याआधी पावसाचा विचार करावा. टास्मान समुद्रावरून येणारे ढग दक्षिण आल्प्सच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि संध्याकाळी तळाचे गोटे मोजता येतील इतकी नितळ असलेली नदी सकाळी पायी ओलांडता येऊ नये इतकी फुगते. म्हणूनच आम्ही फेब्रुवारीत मुक्काम पश्चिमेकडच्या रीफ्टनला ठेवला. क्राइस्टचर्चहून लुईस पास या घाटामार्गे हे गाव सुमारे 250 किलोमीटरवर आहे, आणि पश्चिमेला पावसाने ठाण मांडले की त्याच रस्त्याने मागे फिरून पूर्वेकडच्या हुरुनुईच्या खोऱ्यात उतरता येते. आम्हाला तसे करावेच लागले. पूर्वेला पाणी स्वच्छ होते, मात्र वारा इतका होता की लांब फेक मनात आणण्यातही अर्थ नव्हता. हेलिकॉप्टरने नदीच्या उगमाजवळ उतरण्याची सोय मिळते, पण हवा बिघडली तर तेच उड्डाण आधी रद्द होते. त्यामुळे मोजक्या दिवसांच्या सहलीत गाडी आणि दोन्ही बाजूंच्या नद्या हाताशी असणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

येथे पाण्यात अंदाजाने गळ टाकत बसत नाहीत. आधी मासा दिसावा लागतो. आमच्या वाटाड्याने इनांगाहुआ नदीच्या एका डोहाशी मला बराच वेळ नुसते उभे केले. करड्या गोट्यांवर एक सावली हलत होती, आणि मधूनच तिच्या टोकाशी पांढरे काही चमके. तो निम्फ (पाण्यातील किड्यांची पिल्ले) टिपण्यासाठी उघडलेला ब्राउन ट्राउटचा जबडा होता. अशा माशाकडे प्रवाहाच्या खालच्या बाजूने, मळकट रंगाच्या कपड्यांत जावे, लीडर (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) 12 ते 15 फुटांचा ठेवावा आणि पहिलीच फेक जपून करावी, कारण दुसरी संधी क्वचितच मिळते. तिकडच्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास, सिकाडा किडे पाण्यात पडतात, तेव्हा मोठी तरंगती फ्लाय हमखास जवळ असावी. नदीवर आधीच कोणी असेल तर ते कोणत्या दिशेने जाणार आहेत हे विचारल्याखेरीज त्यांच्या पुढे उतरू नये.

परवाना फिश अँड गेम या संस्थेकडून निघण्याआधीच ऑनलाइन घ्यावा. काही निवडक नद्यांसाठी वेगळा जोडपरवाना लागतो, तर उत्तर बेटावरील टाउपो परिसराचा परवाना सर्वस्वी निराळा आहे. सखल भागातील बऱ्याच नद्यांचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल असा असतो, परंतु वरच्या अंगाच्या कित्येक नद्या नोव्हेंबरमध्ये खुल्या होतात, म्हणून प्रत्येक नदीचा नियम स्वतंत्रपणे वाचावा. ट्राउट विकण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. हॉटेलात तो मागवता येत नाही, खायचा असेल तर स्वतःच पकडावा लागतो.

सर्वाधिक काळजी साहित्याच्या स्वच्छतेची घ्यावी. 2004 मध्ये साउथलंडमधील वायाऊ नदीत डिडिमो हे ओल्या साहित्यावरून नदीतून नदीत पसरणारे शेवाळ आढळले, आणि त्यानंतर ओल धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्यांचे बूट वापरण्यास मनाई झाली. रबरी तळव्यांचेच न्यावेत. वापरलेले बूट, वेडर (पाण्यात उतरण्याची जलरोधक विजार), पिसांच्या फ्लाय हे सर्व विमानतळावर जाहीर करावे, अन्यथा 400 न्यूझीलंड डॉलर दंड जागेवर भरावा लागतो. एका नदीतून दुसरीत जाताना साहित्य भांडी धुण्याच्या साबणाच्या 5 टक्के द्रावणात बुडवून किमान दहा मिनिटे ओले ठेवावे, आणि पाणी शोषणाऱ्या वस्तूंना त्याहून बराच जास्त वेळ द्यावा. नुसते वाळवायचे तर आतून-बाहेरून पूर्ण कोरडे झाल्यावरही आणखी 48 तास थांबावे लागते, आणि छोट्या सहलीत ते परवडत नाही. तेव्हा बादली आणि साबण गाडीत असावेतच.

दुर्गम खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. संकटसंदेश देणारा बीकन भाड्याने मिळतो, तो घ्यावा आणि परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे. सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या दिवसभर छळतात, त्यामुळे लांब बाह्यांचा फिकट मळकट रंगाचा शर्ट आणि घोटे झाकणारे मोजे सामानात हवेतच.