देवघरातला देव

युरोप टूरवर फ्लॉरेन्सला आमचं गणित ठरलेलं असतं. सिन्योरिया चौकात डेव्हिडच्या पुतळ्याच्या प्रतिकृतीसमोर ग्रुप फोटो, एकेक जेलाटो, की चला बसकडे. त्या दिवशी पावसाने घोळ घातला. माणसं चौतीस आणि छत्र्या मोजून अकरा, म्हणून सगळ्यांना चौकातल्याच पालाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्यात घुसवलं. तिथली गाइड इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत.

दुसऱ्या मजल्यावर डचेस एलिओनोराचं, म्हणजे फ्लॉरेन्सच्या ड्यूक कोसिमोच्या बायकोचं, खासगी चॅपल आहे. एवढीशी खोली. आत सोडत नाहीत, दारातूनच माना लांब करून बघायचं. भिंतींवर मोझेसच्या कथा, समोर वेदीवर चित्रकार ब्रॉन्झिनोचं चित्र: क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर. गाइड म्हणाली, हे दुसरं. पहिलं १५४५ मध्ये ड्यूक कोसिमोने इथून काढून ग्रॅनव्हेलला भेट पाठवलं. ते आज फ्रान्समध्ये, बेझांसोंच्या संग्रहालयात आहे.

माझं वाक्य संपायच्या आत नाशिकच्या एक काकू म्हणाल्या, "अरे, देवघरातला देव असा उचलून देतं का कुणी?"

पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या काकांनी मागून विचारलं, "हा ग्रॅनव्हेल कोण?"

सम्राट पाचव्या चार्ल्सचा, म्हणजे स्पेनच्याही राजाचा, मंत्री. राजमुद्रा त्याच्या ताब्यात.

"मग बरोबर आहे. फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते बघूनच मिठाईचा पुडा जातो."

सगळे हसले, पण काकांनी नेमकं पकडलं होतं. कोसिमो सतराव्या वर्षी गादीवर आला, टिकला तो सम्राटाच्या मर्जीवर. फ्लॉरेन्सच्या किल्ल्यातली स्पॅनिश शिबंदी हलली तीच मुळी १५४३ मध्ये. आणि पैसा काय, कुणीही पाठवेल. बायकोच्या चॅपलमधलं, नुकतंच पुरं झालेलं चित्र दिलं की 'असा चित्रकार आमच्या पदरी आहे' हेही न बोलता पोचतं.

काकू मात्र हटेनात. "तिला विचारलं होतं का त्याने?"

मी प्रश्न गाइडला सांगितला. ती हसली आणि वेदीच्या दोन्ही अंगांच्या चित्रांकडे बोट केलं. आधी तिथे संत जॉन आणि संत कॉस्मस होते. कॉस्मस म्हणजे नवऱ्याच्या नावाचा संत. १५५३ मध्ये ब्रॉन्झिनोने मधलं चित्र पुन्हा रंगवून दिलं. पुढे डचेसचा विचार बदलला. दोन्ही संत जामदारखान्यात गेले, त्यांच्या जागी देवदूत गॅब्रिएल आणि मेरी आले.

काकूंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा वाकून बघितलं.

"बरं केलं बाईनं," म्हणाल्या.

बस पंचवीस मिनिटं उशिरा सुटली.