एकमेकींशी भांडल्या असत्या अशा माझ्या आवडत्या बायका

आज कर्वे रस्त्यावर चहा पिताना भाचीने विचारलं, "मावशी, तुझ्या आवडत्या स्त्रीवादी कोण?" मी नावं घेत गेले. ती म्हणाली, "अगं, या तर एकमेकींशी भांडल्या असत्या!"

असत्याच. सावित्रीबाई फुले सत्यशोधक, म्हणजे जातिभेद आणि भटशाही नाकारणाऱ्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि याच शहराने त्यांना किती बोल लावले! रमाबाई रानडे प्रार्थना समाजाच्या, म्हणजे हिंदू धर्मात राहूनच सुधारणा करू पाहणाऱ्यांच्या, वळणाच्या. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी तर जात बाजूला ठेवून बाईचं दुःख मांडणाऱ्या स्त्रीवादालाच प्रश्न विचारले. ते विचारायलाच हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

पण माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनावर. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. दोन्ही पक्षांचं आपसात फारसं पटायचं नाही (आजही कुठे पटतं!). तरी बायका लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा या दोघी बरोबरीने पुढे होत्या. मतभेद मिटवून नाही, ते घेऊनच.

भाचीला आता 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे वाचायच्या आहेत. उद्याच माझी प्रत देते.