मोटार आणि दाखला

तीन फेजची मोटार चालू असताना एक फेज गेला, तर ती लगेच बंद पडत नाही. उरलेल्या दोन फेजांवर गुरगुरत राहते, तापते आणि मग जळते. आतल्या वेटोळ्यांची जोडणी स्टार असेल, म्हणजे तिन्ही फेजांचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असेल, तर तीनांतल्या दोन फेजांची वेटोळी काळी पडतात आणि तिसऱ्याची नव्यासारखी पिवळी राहतात. डेल्टा, म्हणजे टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला असेल, तर एकच फेज काळा. वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीची वेटोळी भरून देण्याच्या, दुकानात बसणारं कुठलंही पोर हे नुसतं बघून सांगतं. मला इंजिनिअरिंगला हे समीकरणांतून शिकवलं, जळालेलं वाइंडिंग मात्र कुणी कधी उघडून दाखवलं नाही. ते मी नोकरीत बघितलं, आणि ते पोलीस ठाण्यात उपयोगी पडलं एका शनिवारी. तिथं ते वापरायला हवं होतं का, यावर आमच्या संस्थेतले अण्णा आणि मी अजून वाद घालतो आहोत.

मी इलेक्ट्रिकलची. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्सला होते. संध्याकाळी शहराच्या पूर्व भागातल्या एका संस्थेत मुलांना घरगुती वायरिंग शिकवायला जायचे. दहावीत अडकलेली, माग किंवा कांडीवर जाणारी, घरी आई विड्या वळणारी अशी ती मुलं. त्यांना स्विचबोर्ड जोडता यायला लागला, पण ती कामावर टिकत नव्हती, आणि का टिकत नाहीत याचं उत्तर माझ्या विषयात नव्हतं. म्हणून एमएसडब्ल्यू, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलं आणि त्याच संस्थेत लागले. बाबा एकदाच म्हणाले, "डिग्रीची माती केलीस." नंतर त्यांनी विषय काढला नाही.

लोकांना वाटतं, युवकांसोबत काम म्हणजे शिबिरं, पथनाट्य, समुपदेशन. आमचा निम्मा दिवस कागदांत जातो. आधारवरची चुकलेली जन्मतारीख, बंद पडलेलं बँक खातं, सही न झालेला उत्पन्नाचा दाखला. आणि देणगीदारांना हवा असतो फक्त आकडा: किती मुलांना प्रशिक्षण दिलं. त्यातली किती मुलं सहा महिन्यांनी त्या कामावर होती, हे फार थोडे विचारतात.

त्या शनिवारी सकाळी सातलाच वर्गातल्या एका मुलाच्या बहिणीचा फोन आला. "अक्का, भावाला रात्री पोलिसांनी नेलं. मोटार चोरली म्हणतात."

दोन मुलं होती. त्यांची नावं लिहिता येत नाहीत, कायद्यानेही आणि मलाही लिहायची नाहीत. एक वाइंडिंगच्या दुकानात हाताखाली काम करायचा, दुसरा मागाच्या एका शेडमध्ये कांडीवर होता. बाहेरच्यांसाठी सांगते: मागाच्या धोट्यात जी सुताची नळी बसते ती कांडी, आणि ती यंत्रावर भरून देणं हे त्याचं काम. पहिल्याच्या घरामागच्या खोलीत रात्री मोटार फिरताना आवाज आला, शेजारच्याने शेडच्या मालकाला सांगितलं, मालक बिल घेऊन आला आणि नेमप्लेटवरचा नंबर जुळला. १ एचपी, ४१५ व्होल्ट, मागाची मोटार. तिचं अंग गुळगुळीत असतं, शेडमध्ये उडणारे सुताचे तंतू साठून तापू नयेत म्हणून. ती दुसऱ्या कशाची म्हणून खपवता येत नाही. मुलं म्हणत होती, भंगारवाल्याकडून विकत घेतली. भंगारवाला म्हणत होता, मला आठवत नाही. पावती अर्थातच नव्हती.

अण्णा माझ्याआधी पोहोचले होते. गिरणी कामगाराचा मुलगा, तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही सारखं बोलणारा माणूस. ते ठाणे अंमलदारांना शांतपणे सांगत होते, "साहेब, दोघं अठराच्या आतले आहेत. साध्या चोरीच्या आरोपात अल्पवयीनावर एफआयआर होत नाही. डायरीत नोंद करा, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल आम्ही भरून देतो, तो बाल न्याय मंडळाकडे पाठवा. आणि तुमचे बाल कल्याण अधिकारी कुठे आहेत?" ते अधिकारी सुटीवर होते. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमायचा असतो, मुलांशी गणवेशाशिवाय बोलायचं असतं. मुलं मात्र गणवेशातल्या दोन हवालदारांच्या मध्ये बाकावर बसली होती. लॉकअपमध्ये घातलं नव्हतं, यालाच सगळे मोठा मोठेपणा समजत होते.

टेबलाखाली मोटार ठेवलेली दिसली आणि मी खाली वाकले. टर्मिनल बॉक्स उघडा होता. आतून सहा टोकं बाहेर आलेली. या मापाच्या जुन्या मोटारींत बहुतेक वेळा स्टारचा जोड आतच बांधलेला असतो आणि बाहेर तीनच तारा येतात. इथं सहा होत्या, प्रत्येकीवर स्लीव्ह, प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण. झाकण काढायला सांगितलं. खाचांत नवं लेदरॉइड (इन्सुलेशनचा कागद), वर बांबूच्या काड्या सरळ ठोकलेल्या, ओव्हरहँग, म्हणजे खाचांबाहेर येणारा वेटोळ्यांचा भाग, दोऱ्याने घट्ट बांधलेला, वार्निश वाळून कडक झालेलं आणि त्यावर धूळही बसलेली. मी मेंटेनन्सला असताना बाहेरून करून आणलेली वाइंडिंग बघितली आहेत. त्यांतली कितीतरी याच्यापुढे टिकली नसती.

"घरी सिंगल फेज. मग फिरवली कशी?" मी वाइंडिंगवाल्या मुलाला विचारलं.

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "डेल्टा केली, अक्का. स्टारला चारशे पंधरा लागतं, डेल्टाला दोनशे चाळीस. मग तिसऱ्या टोकाला पाण्याच्या मोटारीचा पन्नासचा कपॅसिटर."

माझ्या अंगावर शहारा आला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात त्याला तार सोलायला आणि चहा आणायला ठेवलं होतं. त्याने बघून बघून हे काढलं होतं, खाचा मोजून, जुनं वेटोळं सोडवून, वेढे वहीत लिहून. वार्निश वाळवायला स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, आत दोनशेचा बल्ब लावून ठेवला होता. छत्तीस खाचा, सहा पोल, म्हणजे एका पोलला एका फेजच्या दोन, हे त्याने बोटांवर करून दाखवलं. गणितात नापास झालेला मुलगा होता तो. त्याला नापास करणाऱ्या परीक्षेत बोटांना जागाच नव्हती.

मालकाचं म्हणणं होतं, मोटार याच आठवड्यात शेडमधून चालती उचलली. मी विचारलं, "जुनी तार कुठं आहे?" बहिणीने घरून साखरेचं पोतं आणलं. तांबं विकून नव्या तारेचे पैसे दुकानात फेडायचे होते, म्हणून ती तार जपून ठेवलेली. ठाण्याच्या व्हरांड्यात मी ती पसरली. दोन फेज कोळशासारखे, तिसरा पिवळा. साहेबांना सांगितलं: ही मोटार तीन फेजच्या लाईनवर असताना एक फेज जाऊन जळली आहे. या मुलाच्या घरात तीन फेज येतच नाहीत. म्हणजे ती शेडमध्येच जळली, आणि त्यानंतर उघडून, भरून, वाळवून झाली. हे आठवड्याभराचं काम नाही. जळालेली मोटार शेडमधून बाहेर कशी गेली, ते जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीला, विचारा.

मालकाने जॉबरला फोन लावला. थोडा वेळ ऐकून घेतलं. दिवाळीच्या साफसफाईत दोन जळक्या मोटारी भंगारात दिल्या होत्या, मालकाला सांगायचं राहून गेलं होतं.

प्रकरण इथं संपायला हवं होतं. मोटार चोरलेलीच नाही म्हटल्यावर दोघंही सुटायला हवे होते. पण मालक पहिल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गुणी पोरगा आहे. याच्यावर माझी तक्रार नाही. सोमवारपासून माझ्या जॉबरच्या हाताखाली ये." साहेबांनी त्याला बहिणीच्या आणि आईच्या ताब्यात दिलं. त्याचं वय कुणी विचारलंही नाही. मग कांडीवाल्याकडे बघून हवालदार म्हणाला, "तू काय करालास बे तिथं?" तो काही बोलला नाही. "याचं आधार बघा, साहेब, अठरा पूर्ण दाखवालंय." आधारवर १ जानेवारी होती. जन्मतारीख माहीत नसलेल्या किती लोकांच्या आधारवर १ जानेवारी आहे, हे कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा.

अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस? मी वयावर बोलत होतो, दोघांसाठी बोलत होतो. तू मोटार उघडलीस आणि एकच सुटला. ज्याला मोटार बांधता येत नाही त्याचं काय सांगणार आता?"

"पण मोटारीनेच तर दोघांची चोरी खोटी ठरली," मी म्हणाले.

"ठरली. पण त्यांनी काय ऐकलं? गुणी आहे, एवढंच ऐकलं. गुणी नसलेल्यालाही घरी जायचा हक्क आहे."

वाद घालायला वेळ नव्हता. आधार हा वयाचा पुरावा धरायचा नसतो. शाळेचा दाखला असेल तर आधी तो बघायचा. मुलाने महापालिकेच्या तेलुगू शाळेतून सातवीनंतर नाव काढलं होतं आणि दाखला कधी नेलाच नव्हता. शनिवारची सकाळची शाळा. मी गाडी काढली तेव्हा दहा वाजून गेले होते. पोहोचले तर मुलं बाहेर पडत होती आणि शिपाई कपाटांना कुलूप लावत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स खांद्यावर घेतली होती. ऐकून घेतलं, पर्स खाली ठेवली, जनरल रजिस्टर काढायला लावलं, स्वतः नाव शोधलं आणि अक्षरी तारखेसकट दाखला लिहून दिला. सोळा वर्षं आणि काही महिने. सरकारी शाळांना नावं ठेवणाऱ्यांनी त्या बाईंचा तो शनिवार बघायला हवा होता.

दुपारी तो सुटला. तोवर त्याची आई ठाण्याच्या पायरीवर बसून होती. त्या दिवसाचं पान-तंबाखू घरी सुपात तसंच पडलेलं, हजार विड्यांची मजुरी गेलेली. ती एकदाही काही म्हणाली नाही. अण्णा तिच्याशी तेलुगूत बोलत राहिले.

पार्श्वभूमी अहवाल भरायला मी त्या मुलाला चहा पाजून समोर बसवलं. शिक्षण, काम, सवयी, मित्र, घरची परिस्थिती. फॉर्म संपल्यावर मी फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारला: मोटार कशाला हवी होती?

"कांडीचं जुनं मशीन बघून ठेवलंय. घरी लावायचं. शेडवाले नग देतात भरायला. आई पण भरंल, मी पण. विड्यांनी तिचे डोळे गेले की."

मोटारीचे पैसे त्याने दिले होते. आठवड्याच्या मजुरीतून साठवलेले. भंगारवाल्याकडून सायकलवर ती घरी त्यानेच आणली. कुठल्या शेडला बाहेरून भरलेल्या कांड्या लागतात, काय दर मिळेल, विजेचं बिल घरगुती मीटरवर किती येईल, हे सगळं त्याच्याकडे होतं. वाइंडिंग मित्राला सांगितलं, कारण मित्राला येत होतं.

"मग ठाण्यात बोलला का नाहीस?"

"त्याला सोडालते की. मी बोललो असतो तर परत त्याला पण बसवलं असतं."

हे मी अहवालात लिहिलं, जसंच्या तसं. मंडळापुढे दोघांचं प्रकरण बंद झालं. मोटार मालकाने मुलांना देऊन टाकली, आणि याबद्दल मी त्यांना मानते. पहिला जॉबरच्या हाताखाली आहे. दहावी नापासांनाही आयटीआयला वायरमन मिळतो, त्यासाठी मी त्याच्या मागे आहे.

अण्णांचं म्हणणं मला पटतं आणि तरी पुरतं पटत नाही. पुन्हा असं प्रकरण आलं तर मी मोटार उघडणारच. ती तार पसरल्याशिवाय जॉबरला फोन गेला नसता, आणि दोघांच्याही नावावर चोरीची नोंद राहिली असती. अण्णा म्हणतात, नोंद राहिली असती पण दोघांची सारखी राहिली असती, आणि मंडळाने दोघांना सारखंच सोडलं असतं. अल्पवयीनाची नोंद पुढे त्याच्या आड येऊ नये अशी तरतूद कायद्यात आहे, हे खरं. पण शेडमालक कायदा वाचून कामावर ठेवत नाहीत, हेही खरं.

सध्या भांडण दाखल्यावर आलं आहे. कांडीवाल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, सातवी झालेल्याला त्याची मुभा आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, आणि तो ठाण्याने घेऊन प्रकरणाच्या फाईलला लावला. अण्णा म्हणतात मंडळाकडे रीतसर अर्ज करू, मूळ परत मागू. मी म्हणते त्याच बाईंकडून द्वितीय प्रत घेऊ, फॉर्मची तारीख जवळ येते आहे. मुलगा म्हणतो, आधी कांडीचं मशीन बसू दे, अक्का, मग परीक्षेचं बघू.