तर्री-पोहे आणि दोन गोळ्या

त्या सोमवारी ओपीडी सुरू होण्याआधीच गोंदियाकडची ती बावीस वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी डोके धरून बाकावर बसलेली दिसली आणि माझ्या मनात पहिली शंका मेंदूची आली. तिच्या मांडीतली गाठ अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा या कर्करोगाच्या दुर्मीळ जातीची होती. ती फुप्फुसांत पोहोचलेली होती आणि हा आजार मेंदूतही शिरतो.

पहिल्या भेटीत त्या गाठीवर तळहात ठेवला, तेव्हा मांजर घुरघुरावे तशी थरथर हाताला लागली होती. गावाकडे कुणीतरी चरबीची गाठ समजून तिला चिरा दिला होता आणि रक्त थांबवताना नाकी नऊ आले होते. गाठ वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढते, असे अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडले. ते इथे बोटांना कळत होते. नेहमीची केमोथेरपी या जातीला फारशी जुमानत नाही, म्हणून वाहिन्यांच्या वाढीचा निरोपच अडवणारे पाझोपॅनिब सुरू केले होते, 400 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, रोज एकदा. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींच्या कर्करोगांवरच्या ज्या चाचणीमुळे 2012 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली, तिच्यात निम्म्या रुग्णांचा आजार 4.6 महिने पुढे सरकला नव्हता, तर औषधाविना हाच काळ 1.6 महिने होता; एकूण आयुष्य मात्र निर्विवादपणे वाढलेले दिसले नाही, हेही मी तिच्या वडिलांना सांगितले होते.

रक्तदाब 184/112 भरला. दुपारी एमआरआय स्वच्छ आला. वाहिन्यांच्या वाढीचा निरोप अडला की वाहिन्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड घटते आणि दाब चढतो, हे अपेक्षितच होते, पण इतका?

गोळ्या केव्हा घेते, असे विचारल्यावर वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उपाशीपोटी एवढं कडक औषध पोरीले कसं द्यावं? तर्री-पोहे खाल्ल्यावरच देऊन राहिलो."

अन्नासोबत घेतल्यास हे औषध रक्तात जवळपास दुपटीने उतरते. चिठ्ठीवर सूचना होती, पण इंग्रजीत, आणि ते गिचमिड अक्षर माझेच होते.

औषध थांबवून रक्तदाबाची गोळी अॅम्लोडिपिन दिली, दाब उतरल्यावर 600 मिलिग्रॅमवर पुन्हा सुरुवात केली आणि 'खाण्याआधी एक तास' हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिले. सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा या औषधाने भुवया पांढऱ्या पडल्याची तक्रार करत होती; मी मात्र गाठीवर हात ठेवून ती थरथर शोधत होतो, आणि ती चटकन सापडत नव्हती.