रामटेकचा गड वाचायचा तर नगरधनच्या मातीपासून

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं आणि कन्हान ओलांडली की थोड्या वेळाने डावी-उजवीकडे टेकड्या दिसू लागतात. मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. रामटेकचा फाटाही तिथेच. मामा गाडी चालवत होते आणि त्यांचा एकच धोशा, "आधी गडावर चाल, ऊन वाढलं का पाय भाजते." मी मात्र आधी मनसरलाच उतरायचं ठरवलं होतं.

मनसरची हिडिंबा टेकडी लांबून साधी झुडपांची टेकडी वाटते. जवळ गेल्यावर विटा दिसतात, थरावर थर. 1990च्या दशकाच्या शेवटी जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांनी इथे उत्खनन सुरू केलं आणि टेकडीच्या पोटातून मोठं बांधकाम उघडं पडलं. प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेली प्रवरपूर नगरी ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. राष्ट्रीय संग्रहालयात असलेली शिवाची ती बुटकी, गुबगुबीत, प्रसन्न मूर्ती 1972 साली मनसरलाच मिळाली. ती दिल्लीला आहे याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

इथली वीट पाहताना एक गोष्ट कळून घ्यावी. मातीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात. भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा ते वर्षानुवर्षं साठवत राहतात. वीट भट्टीत भाजली की जुना साठा पुसला जातो आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. प्रयोगशाळेत तोच कण परत तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून वीट शेवटची कधी भाजली ते काढता येतं. कोळशाच्या तुकड्याचं वय कार्बन-14 वरून निघतं, त्यातला अर्धा कार्बन-14 साधारण 5,730 वर्षांत संपतो. दगडाचं मात्र असं नाही. दगड कोट्यवधी वर्षांचाच असतो. तो कधी फोडला, कधी रचला, हे त्याच्या वयावरून कळत नाही.

म्हणून रामटेकच्या गडावर गेलं की वेगळीच पंचाईत होते. वरची तटबंदी आणि दरवाजे पाहून सगळं एकदम प्राचीन वाटतं, पण गडाची आजची मांडणी बरीचशी नागपूरकर भोसल्यांच्या काळातली. खरं जुनं आहे ते नरसिंहाच्या दोन मंदिरांत आणि वराहात. लोक पायऱ्या चढून थेट राममंदिराकडे जातात. केवल-नरसिंहाच्या देवळात आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी बाई आणि दोन वानरं, एवढेच होते.

हे देऊळ बाहेरून अगदी साधं. शिखर नाही, वर सपाट छत. आत तांबड्या दगडाचा प्रचंड नरसिंह, एक गुडघा उभा करून बसलेला, हातात चक्र. हिरण्यकशिपू नाही, प्रल्हाद नाही, रक्त नाही. एकटाच, निवांत. 1980च्या दशकात इथल्या भिंतीवरचा चुन्याचा लेप निघाला आणि खाली शिलालेख दिसला. अक्षरांच्या माथ्यावर छोट्या चौकोनी पेट्या कोरलेल्या, ही वाकाटकांच्या ब्राह्मीची ओळख. जिथे दगड वय सांगत नाही, तिथे ही पेटी सांगते. लेख खूप झिजलाय, पण वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुण्यासाठी तिच्या लेकीने हे मंदिर उभारलं, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात.

मी आले होते ती या प्रभावतीसाठी. रामटेकला आलं की सगळे कालिदासाचं नाव घेतात, घ्यावंच. पण गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांच्या घरी दिली गेली, नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, आणि चौथ्या शतकाच्या शेवटी विदर्भाचा कारभार हिने हातात घेतला. तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. त्यात सासरच्या आधी माहेरची, गुप्तांची वंशावळ येते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळालेला दुसरा ताम्रपट तिने रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी, म्हणजे याच डोंगरावर, दिला. गड हा तिचा देव्हारा. राहायची ती खाली, नंदिवर्धनला, आजच्या नगरधनला.

ते रामटेकपासून जवळच. आज उभा असलेला किल्ला पुष्कळ नंतरचा, पण त्याच्या आसपास 2015 ते 2018 मध्ये राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी खोदकाम केलं. त्यात एका मोठ्या भिंतीच्या माथ्यावर मातीचा एक छोटा अंडाकृती ठसा मिळाला. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन साडेसहा ग्रॅमपेक्षाही कमी. त्यावर शंख आणि ब्राह्मीत प्रभावतीगुप्तेचं नाव. ताम्रपटातलं नंदिवर्धन ते हेच, याला एवढा घट्ट पुरावा आजवर नव्हता.

त्याच खोदकामात गाय-बैल, शेळी, मेंढी, डुक्कर, मांजर, घोडा, कोंबडी यांची हाडं ओळखता आली. दात किती झिजले यावरून जनावराचं वय कळतं, हाडावरच्या सुरीच्या खुणांवरून ते कापलं होतं का ते कळतं. काचेची कर्णभूषणं, मातीच्या बांगड्या, लोखंडी छिन्नी, गणपती. शिलालेखात यातलं काहीच येत नाही. तिथे देव, दान आणि वंशावळ. राणीच्या गावात मांजर होतं हे हाडाने सांगितलं आणि मला ते वाचून फार बरं वाटलं.

किल्ल्याबाहेर धानाच्या बांध्या कापून झाल्या होत्या. धुऱ्यावर एक काका बसले होते. "कुठून आल्या जी?" इथून सुरुवात झाली. शेतात काही सापडतं का, असं विचारलं, तर हसले. "सापडते ना. वखर धरला का खापरं वरतं येते. पयले आमी धुऱ्यावर फेकून देत होतो. मंग ते खोदकामवाले आले. दिवसभर ब्रशनं माती झाडत बसे. तवापासून फेकाले जीव होत नाही."

त्यांनीच पुढे नेऊन घराच्या पायासाठी खणलेला खड्डा दाखवला. कड सरळ कापलेली. वर काळी माती, तिच्याखाली बोटभर जाडीचा राखेचा करडा पट्टा, त्यात लाल खापराची एक कड बाहेर आलेली, आणि खाली पिवळी, घट्ट जमीन. मामांनी खापर ओढायला हात पुढे केला, तर काका म्हणाले, "राहू द्या जी भाऊ, जागेवर हाय तवर कामाचं."

मोठमोठ्या व्याख्यानांत मी हे याहून नेमकं ऐकलेलं नाही. तो शंखाचा ठसा कुणाच्या खिशातून निघाला असता तर एक सुंदर जुनी वस्तू म्हणून कपाटात गेला असता. तो त्या भिंतीच्या माथ्यावर, त्या थरात मिळाला, म्हणून भिंत राणीच्या काळाशी जोडता आली. रामटेक, मनसर, नगरधनच्या पट्ट्यात आज घरं वाढताहेत, जेसीबी चालताहेत, आणि एका दुपारच्या खोदाईत असे दहा थर एकत्र होतात. तुमच्या वावरात किंवा पायाच्या खड्ड्यात विटांची रांग, राखेचा पट्टा, कोरलेला दगड दिसला तर हलवू नका. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि तलाठ्याला किंवा नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवा.