पालकाची सही

शाळेची नोटीस आमच्या घरी पोचते तेव्हा तिच्यावर आधीच लोणच्याचं तेल सांडलेलं असतं, आणि ते नेमकं तारखेवरच कसं सांडतं हे मला आजवर कळलं नाही. मागच्या वर्षी पालकसभेची चिठ्ठी अशीच डब्याच्या पिशवीतून आली. मला दिसला १८, सभा होती १३ ला. मी १८ ला हाफ डे टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो तर शिपाई काका व्हरांड्यात एकटेच शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "भाऊ, सभा तं झाली नं मागच्याच हप्त्यात. समोसे पण होते." समोशांचं सांगायची काही गरज नव्हती.

आता तुम्ही म्हणाल की व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो नं. असतो. "तिसरी ब पालक", आणि त्यात मला बायकोनं घातलंय, म्हणजे मी तिथं आहे एवढंच. मॅडम एक सूचना टाकतात, तिच्यामागे चाळीस जण ओके मॅम, ओके मॅम करतात, मग कोणीतरी बेसा रोडवरच्या प्लॉटचा फोटो टाकतो, मग त्याला बाकीचे झापतात, आणि या सगळ्यात मूळ सूचना इतकी वर जाते की रात्री साडेदहाला एक आई विचारतेच, "उद्या नेमकं काय आणायचं आहे?" उत्तर कोणीच देत नाही. तेव्हा सगळे वर वर सरकवून तेच शोधत असतात.

तसं एकदा हा ग्रुप खरंच कामाला आला. २०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे, इथं नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. पोरगी तेव्हा पहिलीत होती. त्या दिवशी ओके मॅम कोणी म्हटलं नाही. कोणाकडे लाइट नाही, कोण गच्चीवर आहे, कोणत्या पुलावरून जाऊ नका, सगळं तिथंच कळत होतं, आणि शाळेला सुट्टी आहे हा मेसेज आला तेव्हा तो कोणी वाचलासुद्धा नाही बहुतेक. एरवी सुट्टीची बातमी ग्रुपच्या आधी व्हॅनवाल्या काकांना असते. त्यांना कुठून कळतं हे विचारायचं नाही, ते हसतात फक्त.

पण खरी बातमी पोरगी आणते, आणि तिच्या बातमीचा नि शाळेच्या बातमीचा एकमेकांशी काही संबंध नसतो. याचा नमुना म्हणजे तान्हा पोळा.

तान्हा पोळा म्हणजे काय हे मला दरवर्षी पुण्याच्या बहिणीला सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा, चाकं लावलेले लाकडी बैल सजवून दारोदार न्यायचे आणि लोकांनी हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, ठेवायचा. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली हे सुरू केलं असं इथं सांगतात, महाल भागातून मोठ्या लाकडी बैलाची मिरवणूक अजूनही निघते. त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, असते, सगळं शहर तिकडे, म्हणून शाळा आपला तान्हा पोळा एखाददोन दिवस आधीच उरकून घेते. तर यंदा नोटीस आली, "विद्यार्थ्यांनी सजवलेला बैल आणावा. बैल विकत न आणता घरीच तयार केल्यास उत्तम."

या "उत्तम" शब्दावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. आई म्हणे उत्तम म्हणजे कराच. बायको म्हणे उत्तम म्हणजे नाही केला तरी चालतं. ग्रुपवर तर कहरच. मॅडम मातीचा चालेल का, मॅडम थर्माकोलचा चालेल का, आणि एका बाबांनी विचारलं, "आमच्याकडे लाकडी घोडा आहे, शिंगं लावली तर चालेल का?" मॅडमनी नुसते हात जोडले, ते हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे.

मी सज्जावर चढून माझाच जुना बैल काढला. एक शिंग मोडलेलं, एक चाक गायब. चाकाच्या जागी पोरीच्या खेळण्यातल्या जेसीबीचं चाक बसवलं, ते पिवळं आणि बाकीच्या तिघांपेक्षा मोठं, त्यामुळे बैल चालायला लागला की एका बाजूनं उचलला जायचा. आईनं जुन्या ब्लाउजपीसची झूल शिवली, बेगड लावली. लांबून बरा दिसत होता.

संध्याकाळी ग्रुपवर आलं, "आज शाळेत तान्हा पोळा मोठ्या उत्साहात साजरा करण्यात आला", आणि त्याखाली एकाहत्तर फोटो. हे "करण्यात आला" मला कळतच नाही, कोणी केला? शाळेच्या बातमीत माणूसच नसतो, सगळं आपोआप होऊन राहिलेलं असतं. असो. एकाहत्तर फोटोंपैकी दोनात आपला बैल सापडला आणि एकात पोरीचं कोपर. ते तिचंच कोपर, परवा सायकलवरून पडून खरचटलेलं, मी बोटांनी मोठ्ठं करून पाहिलं. बाकी साठ-पासष्ट घरांत त्या वेळी हेच चाललं असणार, सगळे आपापलं कोपर शोधत.

पोरीला विचारलं, कसा झाला पोळा? ती वरणभात खाता खाता म्हणाली, एका मुलीच्या बैलाला लाल मुंग्या लागल्या.

"काहून?"

"तिच्या आजीनं त्याच्या तोंडाला पुरणपोळी चिकटवली होती नं. मग मुंग्या मॅडमच्या टेबलवर गेल्या. मग मॅडम खुर्चीवर उभ्या राहिल्या. आणि बाबा, घोडा आला होता! शिंगंवाला! सगळ्यांनी त्याला हात लावून पाहिला. आणि आपला बैल लंगडा आहे म्हणून त्याला पहिला नंबर दिला."

"स्पर्धेत?"

"नाही, पाणी पाजायच्या लाइनीत."

मॅडमनी बोजारा म्हणून राजगिऱ्याचे लाडू दिले, त्यातला अर्धा तिनं व्हॅनवाल्या काकांना दिला कारण त्यांच्याकडे बैल नाही. आता यातलं एक अक्षर तरी ग्रुपवर यावं की नाही? मॅडम खुर्चीवर उभ्या राहिल्याचा फोटो तर मी फ्रेम करून घेतला असता.

बाकीचे दिवस असेच येतात नि जातात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्याला पुस्तक न्यायचं आणि न वाचता परत आणायचं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, तेव्हा अर्ध्या मुली नऊवारी नेसून येतात. गेल्या खेपेला आमच्या व्हॅनमध्ये एकदम सात सावित्रीबाई बसल्या आणि काका मागे वळून म्हणाले, "बाईहो, सरका जराशा, अजून एक सावित्रीबाई घ्यायची आहे धरमपेठेतून." स्नेहसंमेलनाचं मी लिहीत नाही, त्याच्या भाड्याच्या ड्रेसवर वेगळा लेख होईल. आणि हो, पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती २०११ च्या फी कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकून काढतात, यंदा त्या डब्यात माझ्याही नावाची चिठ्ठी पडलीय. निघाली तर समोसे तरी मिळतील.

परवा परत एक नोटीस निघाली दप्तरातून. सहल, रामन विज्ञान केंद्र, गांधीसागर तलावासमोरचं, तारांगण पण दाखवणार. खाली कापून परत पाठवायची पट्टी, "माझ्या पाल्यास सहलीस पाठवण्यास माझी संमती आहे". पण पट्टी कापलेलीच होती. म्हटलं, काय गं, ही पट्टी कुठे गेली?

"दिली मॅडमना. शेवटची तारीख होती."

"आणि सही?"

"मी तुम्हाला विचारलं होतं नं सकाळी. तुम्ही हं म्हणाले."

"मी झोपलो होतो."

"झोपेत हं म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती पट्टी वहीत चिकटवून घरी पाठवली. पालकाची सही लिहिलेल्या रेघेवर पेन्सिलीनं, चांगल्या वळणदार अक्षरात, शिरोरेघ पट्टीनं आखून लिहिलं होतं "बाबा". आणि त्याच्या बाजूला मॅडमचा लाल टिकमार्क, "छान अक्षर".